चोवीस नळ्या

लस टोचल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशीच रक्त घ्यायचं, एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही, असं शुभांगी मॅडमनी फोनवर दोनदा बजावलं होतं. म्हणून राजपाल सकाळी आठलाच धाराशिवकडच्या वाशीहून मोटरसायकल घेऊन ओढ्याकाठच्या वस्तीवर आला. मागं थर्माकोलचा डबा बांधलेला. डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि चोवीस रिकाम्या नळ्या.

वस्तीवर बनाबाई एकटीच होती.

"पिराजीमामा कुठं हायत?"

"कुर्डुवाडीला गेलेत. भावकीत मयत झाली. पोरं बी गेली संगं. जित्राबापायी म्या तेवढी मागं ऱ्हायले."

राजपाल मोटरसायकलवरून उतरलाच नाही थोडा वेळ. तो सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. डॉक्टर नव्हे; पण वस्तीवर त्याला डॉक्टरच म्हणत. धाराशिवच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर शुभांगींनी हे काम काढलं होतं. गावाबाहेर मोकळ्या हिंडणाऱ्या डुकरांना तापाची लस लागू पडते का, ते त्यांना पाहायचं होतं. डुकरांचा हा ताप म्हणजे विषाणूचा रोग. कळपात शिरला की कळप रिकामा करूनच जातो. पिराजी आणि बनाबाईची चोवीस डुकरं त्यासाठी निवडली होती. प्रत्येकाच्या कानात नंबराचा बिल्ला. लस देण्याआधी एकदा रक्त घेतलं होतं, आज दुसऱ्यांदा घ्यायचं. दोन्ही रक्तं शेजारी शेजारी तपासली की अंगात रोगाशी लढायची ताकद किती चढली, ती आकड्यात दिसणार होती.

हे बघणं नुसतं हौसेचं नव्हतं. लस टोचायच्या आदल्या दोन दिवसांत दवाखान्याचं रोहित्र जळालं होतं आणि फ्रीज बंद पडला होता. राजपालनं कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून लशीच्या बाटल्या त्यात पुरून ठेवल्या. ही लस जिवंत असते, ऊब लागली की मरते. त्यानं मॅडमना तसं सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "लस जगली की मेली, ते आता रक्तच सांगेल."

पहिल्या वेळी पिराजी आणि त्याच्या दोन पोरांनी दुपारपर्यंत धावून धावून डुकरं धरली होती. आज राजपाल एकटा. वेड्या बाभळीत दोन तास तो नुसता पळाला. एका तरण्या नरानं गुडघ्यावर अशी धडक दिली की डोळ्यांपुढं अंधारी आली. शेवटी बनाबाईनं हॉटेलातल्या खरकट्याची बादली वाजवून हाका मारल्या. बाकीची लांबूनच बघत राहिली. तीन म्हाताऱ्या डुकरिणी तेवढ्या चालत आल्या आणि तिच्या पायाशी बसल्या.

"ह्या तिघी माझ्या शब्दातल्या हायत," ती म्हणाली. "चार वर्सामागं अशीच बिमारी आली हुती. समदी मेली, ह्या तिघी ऱ्हायल्या. तवापासनं माझा पदर सोडत न्हायत."

साडेअकरा वाजले होते. एकच्या एसटीनं डबा गेला तर संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत पोचणार होता. राजपालनं फोन काढला, मॅडमचा नंबर समोर आणला. मागच्याच महिन्यात एक अहवाल उशिरा गेला म्हणून त्याला वरून लेखी विचारणा झाली होती. तो नंबराकडं बघत राहिला आणि फोन परत खिशात घातला.

मग त्यानं पहिल्या म्हातारीचा कान धरला, शीर शोधली आणि सुई घातली. एक नळी भरली. दुसरी भरली. आठ भरल्या. मग दुसरीच्या आठ, तिसरीच्या आठ. नळ्यांवर एक ते चोवीस नंबर त्यानं घरूनच लिहून आणले होते.

बनाबाई डुकरिणीच्या पाठीवरून हात फिरवत बघत होती. "एकीचंच रगत इतक्या बाटल्यांत, डॉक्टर?"

"चालतंय, मावशी. एका घरची जित्राबं. रक्त सारखंच असतंय." आपला आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. डब्याला दोरी बांधता बांधता तो म्हणाला, "पण हे कुणाला सांगू नका. वरची माणसं उगं कागद वाढवतेत."

"म्या कुणाला सांगू? माझ्याकडं येतंय कोण?"

दहा दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "राजपाल, इतका एकसारखा प्रतिसाद मी अजून पाहिला नाही. आधीच्या रक्तात तीन जनावरं सोडली तर सगळी शून्यावर होती. आता चोवीसच्या चोवीस वर आहेत! तुमचा बर्फ कामाला आला म्हणायचा."

कुठली तीन, हे त्याला विचारावं लागलं नाही. चार वर्षांमागं वाचलेल्या त्या तिघींच्या अंगात ताकद आधीपासूनच होती. मॅडमना जी लशीची करामत वाटली, ती जुन्या तापाची खूण होती. उरलेल्या एकवीस डुकरांच्या अंगात काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि ते माहीत नाही, हे एकट्या राजपालला माहीत होतं.

"आपण वाशीसाठी ज्यादा लस राखून ठेवली होती ना," मॅडम म्हणाल्या, "ती आता परंड्याला पाठवते. तुम्हाला गरज नाही."

बोलायची वेळ तीच होती. तो म्हणाला, "बरं, मॅडम."

पुढचे दोन महिने काही झालं नाही. काही होणारही नाही, असं तो रोज स्वतःला समजावत राहिला आणि हळूहळू त्याला ते खरं वाटू लागलं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पिराजीचा फोन आला. "डॉक्टर, दोन मेली. बाकीची एकावर एक पडून काकडायलीत. उन्हात."

सोमवारी राजपाल पोचेपर्यंत आणखी दोन मेली होती. पिराजीनं बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालून डुकरं आत घेतली होती; त्याच्या कडेला पाच-सहा डुकरं एकमेकांच्या अंगात अंग घालून पडली होती. कान जांभळे पडलेले, पोटावर तसेच डाग. एक उठायला गेलं तर मागचे पाय लटपटून बसकण मारून राहिलं. त्यानं ताप बघितला. एकशे सहा. दुसऱ्याचा, तेवढाच. तिसऱ्याचा बघायची हिंमत त्याला झाली नाही. तिघी म्हाताऱ्या मात्र बादलीत तोंड घालून खात होत्या.

"लस दिली हुती न्हवं?" पिराजी म्हणाला. तो मुळात कमी बोलणारा माणूस. त्यानं एवढंच विचारलं आणि राजपालच्या तोंडाकडं बघत राहिला.

"दिली हुती, मामा."

त्यानं मॅडमना फोन केला. मंगळवारी सकाळी त्या स्वतः आल्या. तोवर आणखी तीन गेली होती. रबरी बूट आणि हातमोजे घालून त्यांनी एक मेलेलं डुक्कर तिथंच उघडलं, आतले तुकडे बाटल्यांत भरले आणि बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या.

"हे दोन रोगांपैकी एक आहे," त्या राजपालला म्हणाल्या. "डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एक आपला नेहमीचा ताप, ज्याची आपण लस दिली. पण ह्या जनावरांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद आहे, आकडे माझ्याकडे आहेत. म्हणजे हा तो नाही. मग उरतो आफ्रिकन."

आफ्रिकन तापाला हाताशी लस नाही. तो निघाला तर एक किलोमीटरच्या आतलं प्रत्येक डुक्कर मारून पुरायचं, असा नियम.

"मॅडम, तरी पण नेहमीच्या तापाची लस एकदा परत..."

"देऊन काय होणार? आणि एका जनावरावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे आपणच रोग वाटत फिरायचं. नाही. नमुने भोपाळला पाठवते. अहवाल येईपर्यंत इथलं काही हलवायचं नाही, काही टोचायचं नाही." मग त्या बनाबाईकडं वळल्या. त्यांच्या मनात कुठंतरी खडा टोचत असावा. "मावशी, मागं दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा सगळी डुकरं धरली होती ना?"

बनाबाईनं राजपालकडं बघितलं. एक क्षणच. मग मॅडमकडं वळून ती म्हणाली, "व्हय. समदी धरली हुती."

राजपाल हातातल्या चुन्याच्या पोत्याकडं बघत राहिला. तिनं शब्द पाळला होता. आपण काय पाळतोय, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी तिघी म्हाताऱ्या सोडून पोटाखाली डाग नसलेली, अजून खाणारी अकरा डुकरं उरली होती. त्यानं ती मोजली होती.

बुधवारी आणखी तीन मेली. पिराजीनं आणि त्यानं मिळून खड्डा खणला. मेलेल्या जनावराचे पाय धरून ओढताना राजपालला आजोबा आठवले. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं काम त्या दिवसापासून बंद केलं, मग गावानं दाणा बंद केला तरी. नातवाला नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, आता तू जिवंत जनावरांचा माणूस. राजपालनं पाय सोडले, हात पँटला पुसले आणि परत धरले. दुसरं करणार तरी काय होता?

ओढ्यापलीकडच्या वस्तीत बातमी पोचली होती. तिथंही साठ-सत्तर डुकरं होती. चार बायका ओढा ओलांडून आल्या आणि बनाबाईला लांबूनच बोलू लागल्या. "तुज्यामुळं आमची बी मारणार हायत म्हणं! सरकारी लोक आणून बसवले तूच!" एका आजारी डुकराच्या तोंडात बनाबाई बोटानं गुळाचं पाणी सोडत होती. पाणी कडेनं खाली गळत होतं, ती परत सोडत होती.

"डॉक्टर," ती वर न बघता म्हणाली, "काय तरी करा की. पाया पडते."

संध्याकाळी घरी राजपालनं ताट पुढं सरकवलं. त्याची बायको क्षमा समोर बसली होती. तीन दिवस ती बघत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं: नळ्या, आकडे, मंगळवारचा प्रश्न आणि बनाबाईचं उत्तर. सांगून झाल्यावर तो थांबला. तिनं आपल्याला धीर द्यावा, शिव्या द्याव्यात, काहीही करावं, असं त्याला वाटत होतं.

"मला कशाला सांगताव?" क्षमा म्हणाली. "मला डुकरं हायत का?"

"नोकरी जाईल, क्षमा."

"जाईल." तिनं ताट उचललं. मोरीपर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "त्या बाईनं तुमच्यासाठी खोटं बोलावं आणि तुमी घरात जेवावं, हे मला बघवना."

गुरुवारी उजाडताच तो निघाला. तेरखेडा मागं पडलं, येडशीचा घाट मागं पडला. वाटेत दोनदा त्यानं गाडी कडेला लावली. काय बोलायचं ते जुळवून बघितलं, जुळलं नाही. धाराशिवला प्रयोगशाळेच्या दारात मॅडम कुलूप काढत होत्या.

"मॅडम, त्या चोवीस नळ्या तीनच डुकरांच्या होत्या."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. कुठल्या तीन, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच हिशेब लावला. "म्हणजे लस मेलेली असू शकते," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे हा साधा ताप असू शकतो. मंगळवारीच टोचता आली असती." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "किती खातायत अजून?"

"म्हाताऱ्या सोडून सात."

"मंगळवारी किती होती?"

"अकरा."

त्या आत गेल्या. फोनवर कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला, मग कपाटं उघडल्याचा. अर्ध्या तासात त्या लशीचा थंड डबा घेऊन बाहेर आल्या. "तुमचं काय करायचं ते वरचे बघतील, मी लिहून देणारच आहे. आत्ता गाडीत बसा. प्रत्येक जनावराला वेगळी सुई. आणि ऐका, लस अंगी लागायला आठवडा जातो. आत लागण झालेली असेल तर ही काही करणार नाही." गाडी सुरू करताना त्या म्हणाल्या, "आणि तिला तुम्ही सांगायचं. मी नाही."

वस्तीवर पोचले तेव्हा बारा वाजले होते. पिराजी नव्या खड्ड्यात होता, छातीएवढा आत. बनाबाई कुंपणाला टेकून बसली होती. राजपाल तिच्यासमोर मातीत बसला.

"मावशी, त्या दिवशी मी लबाडी केली. समद्यांचं रक्त वेगळं घ्यायला पाहिजे हुतं. ह्या तिघींच्या रक्तावरून मॅडमला वाटलं, तुमची समदी डुकरं पक्की हायत. म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा लस दिली न्हाय. परवा बी म्हणूनच दिली न्हाय."

बनाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "परवा त्यांनी मला इचारलं."

"व्हय."

"म्या म्हणलं, समदी धरली."

"व्हय, मावशी."

"म्हंजी म्या खरं सांगितलं असतं तर..."

"तुमचा दोष न्हाय. मीच तुमाला गप बसवलं हुतं."

तिनं मातीतून मूठ भरली. फेकेल असं वाटलं, पण फेकली नाही. मूठ तशीच मांडीवर ठेवून ती कंबरेतून पुढं वाकली आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की कुंपणातली डुकरं उठून उभी राहिली. "लेकरासारखं इस्वासले की तुमच्यावर," ती म्हणत होती, "लेकरासारखं." मॅडम डबा हातात घेऊन दुसरीकडं बघत होत्या.

पिराजी खड्ड्यातून वर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. हातातलं फावडं त्यानं घट्ट धरलेलं होतं, आणि राजपालला वाटलं, आता हा मारणार. मारावं, असंही वाटलं. पिराजीनं फावडं बाजूला टाकलं, कुंपणात शिरला आणि पहिलं डुक्कर मागच्या पायांनी धरून खाली पाडलं. "टोचा," तो म्हणाला. मॅडमना उद्देशून, राजपालकडं त्यानं बघितलं नाही.

सातही टोचून झाली.

त्यानंतरचे आठ दिवस वस्तीवर कुणी नीट जेवलं नाही. सकाळी उठून बनाबाई आधी कान बघायची. जांभळा रंग दिसला की ती पिराजीकडं वळायची, आणि तो फावडं उचलायचा. आजारी होती ती चार पहिल्या तीन दिवसांत गेली. लस दिलेल्यांपैकी शुक्रवारी एक गेलं, रविवारी दुसरं. सोमवारी भोपाळहून निकाल आला: आफ्रिकन नाही, नेहमीचाच ताप. पलीकडच्या वस्तीतली डुकरं वाचली. तिथं दुसऱ्याच दिवशी लस टोचली गेली. बनाबाईला कुणी ते सांगायला गेलं तर ती म्हणाली, "बरं झालं," आणि आत निघून गेली. मंगळवारी सकाळी तिसरं गेलं. ते पहाटेपर्यंत खात होतं.

राजपाल रोज जायचा. चुना टाकायचा, खड्डे बुजवायला हात लावायचा. कुणी त्याला बोलवत नव्हतं, कुणी हाकलतही नव्हतं. त्या पहिल्या मंगळवारीच लस दिली असती तर किती वाचली असती, असं त्यानं मॅडमना एकदा विचारलं. "ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित चार जास्त. कदाचित एकही नाही. मोजायचं असतं तेव्हा मोजलं नाही की मागून काही मोजता येत नाही." पंधरवड्यात त्याच्या निलंबनाचा आदेश आला. तो त्यानं क्षमाच्या हातात दिला. तिनं वाचला, घडी केली आणि विचारलं, "आज वस्तीवर गेला न्हाय का?"

एप्रिलच्या मध्यावर उरलेल्या डुकरांचं रक्त घ्यायचं ठरलं. ह्या वेळची लस तरी लागली का, ते बघायला. तिघी म्हाताऱ्या आणि चार तरणी, एवढीच उरली होती. मॅडमनी परंड्याचा एक पर्यवेक्षक सोबत आणला होता, नवखा. राजपालला तिथं काही काम नव्हतं, हक्कही नव्हता. तो रस्त्याच्या कडेला मोटरसायकलजवळ उभा राहिला.

पिराजीची पोरं कामाला बाहेरगावी गेली होती. पिराजी एकटाच धरत होता. पहिलं डुक्कर निसटलं, त्यानं परत धरलं, नवख्याची सुई लागेना, डुक्कर परत निसटलं. पिराजी धापा टाकत कुंपणाला टेकला. हातातून रक्त येत होतं, डुकराचं नव्हे, त्याचंच.

बनाबाई बादली घेऊन उभी होती. महिनाभर ती राजपालशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती रस्त्याकडं वळली.

"नुसतं उभं काय ऱ्हायलाव?" ती ओरडली. आवाजात माया नव्हती. "या आत. पाय धरा."

तो कुंपण ओलांडून आत आला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पाय धरले. डुक्कर जीव खाऊन किंचाळत होतं, लाथा झाडत होतं. त्याच्या तळहाताखाली त्या पायांची नाडी धडधडत होती. वर पिराजीनं मान दाबून धरली होती. दोघांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागत होती, तरी कुणी कुणाकडं बघितलं नाही. नवख्यानं सुई घातली. पहिली नळी भरली, मॅडमनी कानातला नंबर मोठ्यानं वाचला, आणि बनाबाई पुढच्या डुकराला हाक मारायला बाभळीकडं निघाली.